सड्यावर जुन्या टायरचा कारखाना येतोय, ग्रामसभेत नक्की काय विचारू?

जांभादगड
मंडळी, गाव राजापूर तालुक्यातलं, नाव मुद्दाम टाकत नाही कारण वाडीतले दोघंतिघं इथे वाचतात. गावाच्या डोक्यावर सडा आहे, नुसता कातळ. तिथली काही एकर जमीन मागे कोणीतरी बाहेरच्या पार्टीने घेतली, आम्हाला वाटलं काजू लावतील. आता ग्रामपंचायतीकडे ना-हरकतीचा अर्ज आलाय आणि त्यात म्हणे "जुन्या टायरवर प्रक्रिया उद्योग" एवढंच लिहिलंय. पार्टीचा माणूस येऊन गोड बोलून गेला. धूर नाही, वास नाही, पाणी जवळजवळ लागतच नाही आणि ४० पोरांना काम. सरपंच खूश. माझा सख्खा भाऊ म्हणतो विरोध करायचा, विषय संपला. मला मात्र आधी हा धंदा काय असतो ते समजून घ्यायचंय, कारण ग्रामसभेत नुसतं "नको नको" ओरडलं की लोक म्हणतात ह्यांना काहीच नको असतं. महिनाअखेरीला सभा आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा प्लीज.

कोकमसार
पयला! ४० पोरं आहेत का पण गावात? आमच्या वाडीत गणपती आणि शिमगा सोडून ४० माणसं गोळा करायची तर मतदार यादी घेऊन मुंबईला जावं लागेल.

चाकरमानी_परळ
भाऊ बरोबर बोलतोय तुमचा. समजून घेण्यात वेळ घालवू नका. रत्नागिरीकरांनी ९३ साली स्टरलाईटच्या तांब्याच्या कारखान्याला हाकललं, तो प्रकल्प गेला तुतिकोरिनला आणि पुढे २०१८ ला तिथे काय झालं, गोळीबारात किती माणसं गेली, ते सगळ्या देशाने बघितलं. नाणारची रिफायनरी २०१९ ला रद्द झाली. लोक उठले म्हणून झालं, समजून घेत बसले म्हणून नाही. कोकणाला काय कचराकुंडी समजलेत काय??

पंक्चरवाला
परळला बसून आंदोलन करणं सोप्पं आहे दादा. माझं हायवेला दुकान आहे, टायरचंच. महिन्याला जे जुने टायर दुकानामागे साठतात ते कुठे जातात कोणी विचारलंय का? चांगली बॉडी असेल तर रिमोल्डला, म्हणजे वर नवा रबर चढवायला जातो, थोडे होडीवाले नेतात जेट्टीला लावायला, उरलेले भंगारवाला ट्रकात भरतो आणि घाटावर नेतो, तिथे गुऱ्हाळाच्या चुलीत, वीटभट्टीत जळतात. उघड्यावर. त्या धुराचं कोणाला काही नाही कारण तो दुसऱ्याच्या गावात होतो. मग नीट कारखाना आला तर वाईट काय? कुठेतरी तर व्हायलाच पाहिजे ना.

कोकमसार
मुंबई-गोवा हायवेच्या कृपेने कच्च्या मालाचा तुटवडा पडणार नाही हे मात्र नक्की.

पंक्चरवाला
हाहा, ते खरंय. माझं घर त्या खड्ड्यांवरच चालतं.

बॉयलरसूट
मी रबर लाईनमध्ये होतो, आता रिटायर. धागाकर्ते, तुमच्या अर्जातलं ते "प्रक्रिया" म्हणजे पोत्यात बांधलेलं मांजर आहे, आधी ते बाहेर काढा. जुन्या टायरचं साधारण तीन तऱ्हेने काहीतरी करतात आणि तिन्हींचा त्रास वेगवेगळा.

एक म्हणजे नुसतं कापणं, दळणं. टायरचे तुकडे करायचे, लोहचुंबकाने तारा काढायच्या, मग चुरा. त्याला क्रम्ब रबर म्हणतात. मुलांच्या मैदानातल्या मॅट, आणि डांबरात मिसळायला जातो, अशा डांबराचे रस्ते आपल्याकडे बरेच झालेत. त्रास म्हणजे आवाज, धूळ आणि वीज खूप खातं. पण तिथे काही शिजत नाही. दुसरं रिक्लेम रबर, त्यात चुरा तेलं आणि केमिकल घालून उष्णता देऊन मऊ करतात, त्याला वास असतो.

तिसरं पायरोलिसिस. यातच खरी गोम आहे. बंद ड्रममध्ये हवा न लागू देता टायर ४०० ते ५०० अंशाला तापवायचे. जळत नाहीत, फुटतात, म्हणजे त्यांची वाफ होते. वाफ थंड केली की तेल. साधारण वजनाच्या ४० ते ४५ टक्के तेल, ३०-३५ टक्के काळी पूड, १० ते १५ टक्के तार, बाकी गॅस. तो गॅस भट्टीलाच परत जाळायला वापरतात, म्हणून ते म्हणतात धूर नाही. कागदावर खरंय ते. गडबड होते ड्रम उघडताना. पुरता थंड व्हायच्या आत दार उघडलं की आतला उरलेला गॅस हवेला भेटतो आणि भडका. थंड व्हायला कित्येक तास लागतात आणि मालकाला पुढची बॅच घाईने लावायची असते. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या नियमावलीत हे सगळं लिहिलंय, पूड बंद पद्धतीने काढा, गॅस सोडू नका वगैरे. लिहिलेलं आणि रात्रपाळीला होणारं यात किती अंतर असतं ते मी बघितलंय.

तर पहिला प्रश्न तिन्हीतलं कुठलं? आणि उत्तर लेखी.

तिरफळ
बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या, बारा राठीच्या देवा म्हाराजाऽऽ
व्हय म्हाराजा!
आज ह्या जांभादगडाच्या सड्यार जो काय टायरवालो येवक बघता, तेच्या मनात जा काय काळाबेरा आसात तां काळ्या पुडीसारख्या भायर पडांदे रे म्हाराजाऽऽ
व्हय म्हाराजा!
आणि सरपंचाक जी काय पाकिटा गावली आसतीत ती पंक्चर होवंदेत रे म्हाराजाऽऽ
व्हय म्हाराजा!!

कुळीथपिठी
तिरफळ 😂😂 व्हय म्हाराजा

बॉयलरसूटकाका, छान समजावलंत. मला एक विचारायचंय. आमच्याकडेपण सडाच आहे वर आणि सगळ्या वाड्या खाली, विहिरी खाली. पाऊस पडला की सड्यावरचं पाणी कातळातून झिरपत खाली येतं, आमच्या मागच्या परड्यातला झरा माघापर्यंत चालू असतो तो ह्याच पाण्यावर. एका वर्षी वर चिऱ्याची खाण काढली तर पावसात विहिरीचं पाणी लाल. मग वर तेल सांडलं, ती पूड वाहून गेली तर? पार्टी म्हणते पाणी लागत नाही. त्यांना लागत नसेल हो, आम्हाला लागतं.

बॉयलरसूट
ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. जांभा सच्छिद्र दगड, वरून सांडलेलं त्यात अडत नाही. शेडखाली पक्कं काँक्रीट, भोवती बांध आणि पावसाचं पाणी वेगळं काढलेलं नसेल तर जून-जुलैत तिथे काय होईल ते सांगायला तज्ज्ञ नको. आणि "पाणी लागत नाही" हेही अर्धवट. वाफ थंड करायला पाणी लागतंच, फिरवून वापरतात एवढंच. सड्यावर ते आणणार कुठून? बोअर मारणार की टँकर, विचारा.

हापूसवाला
माझा मुद्दा कोणी काढलाच नाही अजून. मोहोर. डिसेंबर-जानेवारीत मोहोर येतो तेव्हा सकाळचं दव असतं, त्यावर जे काही बारीक उडतं ते चिकटतं. आमच्या बागेच्या कडेने क्रशर चालू होता तर त्या बाजूच्या ओळी वेगळ्या ओळखू यायच्या, पानं पांढरट, फळ कमी. इथे तर काळी पूड, मैद्यासारखी बारीक. २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण नाचलो, उद्या डागी आंबा पेटीत घालून जीआय सांगत फिरणार का? चाकरमानी_परळ यांच्याशी सहमत. नकोच.

पंक्चरवाला
पण काका तुमच्या बागेत फवारणीचं जे औषध पडतं मोहोरावर ते कुठे जातं मग? ते पण त्याच झऱ्यात ना? रागावू नका, विचारतोय.

हापूसवाला
रागावत नाही. पण औषध मी मारतो, माझ्या पैशाने, आणि पीएचआय, म्हणजे फवारणी ते तोडणी किती दिवस सोडायचे ते बघून मारतो. माझ्या बागेत दुसऱ्याने काय टाकायचं ते मी ठरवणार. विषय वेगळा आहे.

पंक्चरवाला
झऱ्याला तो वेगळा वाटत नसेल.

कोकमसार
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खाडीकाठ
मी भोई समाजातला. आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला केमिकलची वसाहत आहे, नाव घेत नाही, कळायचं त्याला कळेल. ती यायच्या आधी पण असंच सांगितलेलं की एक थेंब बाहेर सोडणार नाही. आता पहिल्या पावसात मेलेली मासळी तरंगते, अधिकारी येतात, बाटलीत पाणी भरतात, जातात. बोईट, काळुंदर, पालू, पहाटे पांढरं पोट वर करून पडलेली असतात, हातात घेतली की खवले सुटतात. रिपोर्ट येईपर्यंत पाणी चारदा भरती-ओहोटीने धुतलेलं असतं. मला तुमच्या त्या प्रोसेस कळत नाहीत पण एक कळतं, पाण्याचे नमुने कारखाना यायच्या आधी घेऊन ठेवा. विहिरीचे, पऱ्याचे, खाडीच्या तोंडाचे. सरकारी लॅबचा शिक्का घेऊन. नाहीतर नंतर म्हणतात की पाणी आधीपासूनच असं होतं. आम्हाला तेच म्हणतात.

कुळीथपिठी
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. धन्यवाद.

रानमेवा
अवांतर होईल पण अमेरिकेत सिॲटलच्या बाजूला ओढ्यात चढणारे सॅमन मासे पहिल्या पावसात मरायचे, बरीच वर्षं कळेना का. २०२० च्या शेवटी शोधलं की टायरमध्ये एक रसायन घालतात रबर तडकू नये म्हणून, त्याची ओझोनशी गाठ पडली की जे तयार होतं तेच मारक. म्हणजे टायर नुसता पडून राहिला तरी निरुपद्रवी नसतो.

बॉयलरसूट
बरोबर, पण ते मुख्यतः रस्त्यावर झिजणाऱ्या टायरच्या धुळीतून येतं. म्हणजे हायवेच्या कडेचे पऱ्हे आधी बघावे लागतील. कारखान्याच्या डोक्यावर सगळं फोडू नका, उद्या सभेत पार्टीचा इंजिनियर एवढी एकच चूक पकडेल आणि बाकीच्या बरोबर मुद्द्यांचाही चुरा करेल.

वाडा_मनोर
मी पालघर जिल्ह्यातला, वाडा तालुका. आमच्याकडे हे टायर तेलाचे कारखाने भरपूर आहेत त्यामुळे ऐकीव सांगत नाही. आम्हाला पण ४० पोरं सांगितलेली. झालं असं की गावातली पोरं गेली कामाला, आठवड्यात परत आली. ड्रममधून पूड काढायचं काम असतं, नाका-कानात जाते, दोनदा आंघोळ केली तरी उशीला काळं लागतं, शेंबूड काळा येतो. मग लांबून मजूर आणले, आत शेडलाच राहतात बायकामुलांसकट, त्यांचे हाल तर बोलायलाच नको. आमच्या तालुक्यात स्फोट होऊन कामगार होरपळलेत, पेपरात आलंय. वास रात्री जास्त येतो. दिवसा अधिकारी येतात म्हणून भट्टी रात्री जोरात, असं आम्ही समजतो, सिद्ध कोण करणार. वाळत घातलेले कपडे आत घ्यायची सवय लागलीय आता. सगळेच वाईट असतात असं नाही, एक दोन जण नीट चालवतात. पण गावाला चॉइस नसतो ना की कुठला मालक येणार.

जांभादगड
बापरे. वाडा_मनोर, धन्यवाद मोकळेपणाने लिहिल्याबद्दल.
बरं अपडेट. ग्रामसेवकांकडून अर्जाची आणि सोबतच्या कागदाची झेरॉक्स मिळवली. माहिती अधिकार टाकायची वेळ आली नाही, चहावर काम झालं. आतल्या पानावर लिहिलंय "दोन रिॲक्टर, क्षमता दिवसाला १० टन". म्हणजे बॉयलरसूटकाका, तुमचं तिसरंच ना?

बॉयलरसूट
रिॲक्टर म्हटलं की शिजवणंच. आता हिशेब करा. ट्रकचा टायर धरा ५० किलो, म्हणजे रोज २०० ट्रकचे टायर. तेल रोज ४ टन आणि वर, काळी पूड ३ टनाच्या पुढे. म्हणजे टायरच्या गाड्या वर येणार आणि तेलाचे टँकर नि पुडीच्या गोणी खाली जाणार. तुमच्या सड्याचा रस्ता केवढा आहे?

जांभादगड
एसटी आली की समोरच्या रिक्षाने गडग्याला चिकटून उभं राहायचं, एवढा. मधे एक साकव, म्हणजे छोटा पूल आहे, त्याच्यावर पाटीच लावलीय अवजड वाहनांना बंदी म्हणून.

तिरफळ
मगे टायर काय विमानान येतले?

पंक्चरवाला
चिपीला उतरवा 😄
पण सिरियसली, १० टन म्हणजे आपल्या दोन-तीन तालुक्यांच्या जुन्या टायरवर चालणारच नाही ते. माझ्या दुकानाचा अंदाज मला आहे. बाहेरूनच माल आणावा लागणार, मुंबईहून, कदाचित परदेशातला पण बंदरावरून.

बॉयलरसूट
परदेशातले जुने टायर तेल काढायला आणायला बंदी आहे. २०२२ च्या जुलैत केंद्राने नियम बदलले त्यात स्पष्ट आहे. त्याच नियमात टायर बनवणाऱ्या कंपन्यांवर जबाबदारी टाकली की तुम्ही विकलेल्या मालाच्या हिशेबाने जुने टायर रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रं दाखवा, पहिल्या वर्षी ३५ टक्के, मग ७०, मग १००. म्हणून सगळीकडे हे कारखाने निघतायत, ह्या धंद्यात आता प्रमाणपत्र पण विकलं जातं. तर कच्चा माल कुठून येणार हे लेखी मागाच. आणि केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी आहे का, प्रदूषण मंडळाची स्थापनेची संमती आलीय का, ते पण. पुष्कळदा ग्रामपंचायतीचा कागद आधी मिळवतात आणि तो दाखवत पुढे जातात.

हापूसवाला
आणि एक सगळे विसरतायत. वणवा.
फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावरचं गवत वाळून कडकडीत होतं, कोणीतरी विडी टाकतो नाहीतर मुद्दाम लावतो, आणि वारा असला की तासाभरात सडा काळा. दरवर्षी काजू-आंब्याच्या बागा जातात आपल्या. तिथे टायरचा ढीग घातला तर??

बॉयलरसूट
हापूसवाला, खरं सांगतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आम्ही एमआयडीसीत काम केलेली माणसं, तिथे गवत नसतं. टायरचा ढीग पेटला तर पाण्याने विझत नाही, आतली पोकळी हवा खेचत राहते आणि वितळून तेल वाहायला लागतं. कॅनडात हॅगर्सव्हिलला १९९० साली असा ढीग पेटला तो १७ दिवस जळत होता. महिन्याभराचा साठा धरला तर तुमच्याकडे ६००० ट्रकचे टायर. बंब कुठून येणार?

जांभादगड
राजापूरहून. तोच साकव ओलांडून.

कोकमसार
(हसायचं होतं पण हसू आलं नाही.)

रानमेवा
पावसाळ्यात पण आहेच की. टायरात पाणी साठतं, डेंग्यूच्या डासाला तेवढंच लागतं, अंड्यापासून डास आठ-दहा दिवसात. शेडखाली ठेवणार का उघड्यावर?
आणि सड्यावर कातळशिल्पं आहेत का बघा. आपल्याकडची कातळशिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत. खोदकाम सुरू झाल्यावर सापडली तर उपयोग नाही.

चाकरमानी_परळ
म्हणजे शेवटी मी पहिल्या दिवशी म्हटलं तेच. नको. एवढी चर्चा करून तिथेच आलात.

कुळीथपिठी
नाही हो दादा, तिथेच नाही आलो. तुम्ही नको म्हणालात तेव्हा पार्टीचा माणूस म्हणाला असता "का?" आणि आपण गप्प. आता साकव आहे, वणवा आहे, १० टन आहेत.

पंक्चरवाला
माझं अजूनही मत की टायरचं काहीतरी करायला हवं. तेल काढणारा सड्यावर नको हे पटलं मला, रस्त्याचा मुद्दा मुख्य. पण नुसता कापून चुरा करणारा, छोटा, एमआयडीसीत शेडमध्ये, असा आला तर मी स्वतः माल देईन. तेव्हा पण नको म्हणणार का परळवाले?

चाकरमानी_परळ
तेव्हाचं तेव्हा बघू.

हापूसवाला
एमआयडीसीच्या बाजूला पण बागा आहेत हे लक्षात असू द्या.

जांभादगड
सगळ्यांचे आभार. अर्ज लिहायला घेतलाय, भाषणबाजी न करता. कुठली प्रक्रिया आणि किती क्षमता. माल कुठून. साठा किती, कशाखाली, वणव्याच्या दिवसात भोवती किती मोकळी पट्टी. पाणी कुठून. साकवाचं काय. मंडळाची संमती दाखवा. पूड आणि तेल कोणाला विकणार. आणि उत्तरं मिळेपर्यंत ना-हरकतीचा विषय पुढे ढकलावा असं प्रोसिडिंगला नोंदवायचं. खाडीकाठदादांचं ऐकून विहिरींचे नमुने ह्याच आठवड्यात देतोय, वर्गणी काढली, भावाने पहिले पैसे दिले.

वाडा_मनोर
एक सुचवतो. "तुमचा चालू कारखाना कुठे आहे, आम्ही दहा माणसं येऊन बघतो, तारीख आम्ही ठरवणार" असं विचारा. आणि जाल तर रात्री जा.

कुळीथपिठी
जांभादगड, सभा किती वाजता ठेवलीय? आणि त्याच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती लावलीय का? पाणी बायका भरतात, विहिरीचा विषय तिथे आधी निघू दे. तिथला ठराव मग मोठ्या सभेत वाचून दाखवावा लागतो.

जांभादगड
सभा सकाळी ११ ला. महिला सभेची नोटीस बोर्डावर नाहीये, आत्ताच जाऊन बघून आलो. उद्या ग्रामसेवकांना विचारतो.

कुळीथपिठी
विचारू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. आणि वहिनींना सांगा पाच-सहा जणींच्या सह्या घ्यायला, एकटीच्या नावावर नको.

तिरफळ
ह्या खेपेक चायवर काम होवचा नाय.